कलेच्या प्रोजेक्टसाठी ग्रँट लिहायला शिकायचंय? मागच्या नाटकाचा खरा हिशोब काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या कुडाळकडच्या चौघांचा नाटकाचा ग्रुप आहे, एकांकिका आणि एक दीर्घांक करून झालाय. आता त्यांना दशावतारातल्या (कोकणातल्या जत्रांत रात्री चालणारं लोकनाट्य) जुन्या कलाकारांच्या मुलाखती, गाणी आणि रात्रभराच्या काही प्रयोगांचं रेकॉर्डिंग असं वर्षभराचं काम करायचंय आणि त्यातून पुढे स्वतःचा एक प्रयोग उभा करायचाय. पैसे नाहीत. प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि ग्रँट रायटिंगचा, म्हणजे अनुदानासाठी अर्ज लिहिण्याचा, कोर्स कुठे करावा, इंग्रजी बेताचं आहे तर जमेल का, आणि आधी संस्था रजिस्टर करून टाकावी का, असं विचारलंय.

मी बरीच वर्षं नाटक आणि लोककलेच्या कामांचं नियोजन आणि हिशोब बघतोय, अर्ज लिहिलेत आणि दुसऱ्यांचे अर्ज वाचायलाही बसलोय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

कोर्सचं शेवटी सांगतो. त्याआधी चौघांनी एका रविवारी बसा आणि तुमचा जो दीर्घांक झाला त्याचा संपूर्ण खर्च कागदावर मांडा. वहीत लिहिलेला खर्च नाही, खरा खर्च. वहीत काय असेल, समजा नेपथ्य, कपडे, टेम्पो, हॉलचं भाडं, लाइटवाल्याचे पैसे मिळून २८,००० रुपये. आता त्यात न लिहिलेलं लिहा. समजा बाहेरचे धरून सहा नट, चाळीस तालमी, माणशी तालमीला ३०० रुपये धरले (हे गवंड्याच्या हाताखालच्या माणसाच्या रोजापेक्षाही कमी आहेत) तर ७२,००० झाले. शाळेचा वर्ग मुख्याध्यापकांनी फुकट दिला, तो ५०० रुपये रोजाने घेतला असता तर २०,०००. दिग्दर्शकाचे १५,०००. म्हणजे जे नाटक तुम्ही सगळ्यांना अठ्ठावीस हजारात केलं म्हणून सांगता ते प्रत्यक्षात १,३५,००० रुपयांचं होतं, आणि त्यातले एक लाख सात हजार तुम्ही आणि त्या शाळेने मिळून घातले.

हे का करायला सांगतोय ते नीट समजून घ्या, कारण माझ्या मते ग्रँट रायटिंगमधली खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे प्रायोगिक आणि हौशी रंगभूमी माणसांच्या फुकट कामावर उभी आहे, त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण त्यामुळे आपल्याला आपल्याच कामाची किंमत माहीत नसते. मग अर्जात बजेट लिहायची वेळ आली की आपण कॅमेरा, प्रवास, प्रिंटिंग लिहितो आणि माणसांच्या रकान्यात काहीच टाकत नाही, वाटतं की स्वस्त दिसलं तर लवकर मंजूर होईल. उलट होतं. समोर अर्ज वाचणाऱ्याला दिसतं की वर्षभराचं काम आहे, चार माणसं आहेत आणि त्यांच्या पोटापाण्याचं काहीच धरलेलं नाही, म्हणजे चौथ्या महिन्यात यातले दोघं नोकरी धरून पुण्याला जाणार आणि काम अर्धं राहणार. मी तरी अर्ज वाचताना आधी बजेट उघडतो, मग कामाचं वेळापत्रक आणि मग प्रस्तावना. बजेटवरून कळतं की या माणसाने हे काम डोळ्यांसमोर आणलंय का.

दुसरं म्हणजे हा आकडा हातात असला की स्वतःचा वाटा दाखवता येतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मितीच्या अनुदानात साधारण ७५ टक्के त्यांचे आणि २५ टक्के संस्थेने उभे करायचे अशी रचना आहे, कमाल मर्यादा ५ लाख, आणि पैसेही एकदम येत नाहीत, पहिला मोठा हप्ता आणि उरलेला काम झाल्यावर, हिशोब दिल्यावर. अशा योजनांचे नियम बदलत असतात म्हणून अर्जाच्या वेळची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून वाचायचीच, आणि त्यात वस्तूरूपाने किंवा श्रमाने दिलेला वाटा चालतो का रोखच लागतो हे आधी शोधायचं. कुठे चालतो, कुठे नाही.

हप्त्यांवरून सांगतो, मंजुरी मिळणं आणि पैसे खात्यात येणं यात महिने जाऊ शकतात, आणि बहुतेक कामं इथे अडकतात. म्हणून एकूण बजेटच्या शेजारी दुसरा तक्ता करा, महिन्यावार, की कुठल्या महिन्यात किती बाहेर जाणार आणि तोपर्यंत किती आत आलेले असणार. ज्या महिन्यात उणे दिसतं तिथे काय करणार ते आत्ताच ठरवा, काम पुढे ढकलणार, का उसने घेणार, का तो खर्च दुसऱ्या हप्त्यानंतर टाकणार. एवढा एक तक्ता मनापासून केलात तर निम्मं प्रोजेक्ट मॅनेजमेंट तुम्हाला आलं असं मी म्हणेन.

आता तुमच्या कामाचं वेळापत्रक. बहुतेक अर्जांत मी बघतो, पहिले तीन महिने संशोधन, पुढचे तीन महिने चित्रीकरण, मग संपादन, असे सरळ सारखे तुकडे. दशावताराला हे लागूच पडत नाही. जत्रा कार्तिकात सुरू होतात आणि वैशाखापर्यंत चालतात, त्या काळात दशावताराच्या कंपन्या, म्हणजे नाटकमंडळ्या, रोज रात्री वेगळ्या गावात असतात, कलाकार पहाटे दहिकाला (प्रयोगाच्या शेवटचा विधी) करून परततो, दिवसा झोपतो आणि संध्याकाळी पुन्हा गाडीत बसतो, त्याला तुम्ही सकाळी अकराला मुलाखतीला बसवणार का? मग पावसाळ्यात जाऊ म्हणाल तर जून-जुलै भाताचा तरवा (रोपं) आणि लावणी, यातले कितीतरी जण शेती करतात. गणपतीत कोकणात कोणी कुणाचं नसतं, घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात. ऑक्टोबरात कापणी. म्हणजे निवांत मुलाखतीसाठी खरा वेळ उरतो तो लावणी संपल्यापासून गणपतीच्या आधीपर्यंत आणि मग कापणी उरकल्यावर जत्रा लागायच्या आधीचे थोडे दिवस. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तुम्ही तिथलेच आहात, पण ते अर्जात लिहायचं सुचत नाही कारण ते आपल्याला फार साधं वाटतं. लिहा. बंगळुरूत किंवा दिल्लीत बसून वाचणाऱ्याला या एका परिच्छेदावरून कळेल की हे लोक आतले आहेत. आणि वेळापत्रक जत्रांपासून मागे मागे मोजत या, म्हणजे ग्रँट केव्हा हातात यायला हवी आणि त्यासाठी अर्ज केव्हा जायला हवा ते आपोआप निघतं. यंदाचा सीझन चुकला तर पुढच्या कार्तिकापर्यंत थांबावं लागेल, हेही जोखीम म्हणून स्पष्ट लिहायचं.

रेकॉर्डिंगचंही तसंच. रात्री पालखी झाल्यावर सुरू होणारा प्रयोग, आडदशावतार (सुरुवातीचा पूर्वरंग), संकासूर, मग आख्यान (मुख्य कथा), पहाटेपर्यंत. पाच तास धरा, दोन कॅमेरे, चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग तासाला साधारण ४५ जीबी घेतं, म्हणजे एका रात्रीचे ४५० जीबी, आणि दोन प्रती ठेवायच्या तर ९००. पाच रात्री केल्या तर साडेचार टीबी. आता सांगा, बजेटमध्ये हार्ड डिस्कची ओळ आहे का? जादा बॅटऱ्या, मंदिराच्या लाइनवर भरवसा नसेल तर जनरेटर, पायपेटी आणि मृदंगासाठी वेगळे माइक, रात्री जागणाऱ्या तुमच्या माणसांचं जेवण आणि परतीची गाडी, कारण पहाटे पाचला एसटी नसते. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरतं आणि कलाकार उभ्या उभ्या बोलतात, म्हणजे नंतर कोणीतरी ऐकून ते सगळं उतरवून काढणार. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला सहा-सात तास सहज जातात, मालवणी शब्द आणि गाण्याच्या चाली आल्या की अजून. हे काम करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पैसे मिळायला हवेत आणि ते बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दिसायला हवेत.

कलाकारांना मानधन द्यायचंच. मुलाखतीला बसलेल्या ज्येष्ठ राजपार्ट (राजाची भूमिका करणाऱ्या) कलाकाराने आयुष्य घातलेलं असतं आणि आपण शाल-श्रीफळ देऊन त्याचं ज्ञान घेऊन येतो हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही. त्याला एका नाइटीला, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाला, काय मिळतं ते विचारा आणि अर्ध्या दिवसाच्या मुलाखतीला निदान तेवढं तरी धरा. आणि संमती. कंपनीचा मालक, प्रत्येक कलाकार, आणि जत्रेत रेकॉर्डिंग असेल तर देवस्थान कमिटी, तिघांचीही लेखी परवानगी, साध्या मराठीत, एका पानात : कशासाठी रेकॉर्ड करतोय, कुठे दाखवणार, यूट्यूबवर टाकणार का, त्यातून पैसे आले तर काय, आणि एक प्रत तुम्हाला कधी मिळणार. हे अर्ज करायच्या आधी बोलून घ्या, मालकाचं संमतीचं पत्र अर्जाला जोडलंत तर त्या कागदाला तुमच्या दहा पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त वजन असतं.

आता लिहिण्याबद्दल. पहिली गोष्ट, ‘लुप्त होत चाललेली कला’ हे वाक्य काढून टाका. प्रत्येक दुसऱ्या अर्जात असतं. दशावतार लुप्त होत नाहीये, सीझनमध्ये सिंधुदुर्गात आणि गोव्यात रोज रात्री प्रयोग लागतात, लोक चटया घेऊन येऊन बसतात, तरुण मुलं कंपन्यांत येतायत. काहीतरी बदलतंय हे खरं असेल तर नेमकं काय ते लिहा. उदाहरणार्थ असं : ‘जुन्या पिढीतल्या स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणाऱ्या) कलाकारांची पदं म्हणायची पद्धत आम्ही लहानपणी ऐकली ती आजच्या ट्रिकसीनच्या नाटकांत कमी ऐकू येते, ती पद्धत माहीत असलेले आमच्या तालुक्यातले कलाकार आता साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्याकडून ती पदं पूर्ण उतरवून घ्यायची आहेत.’ यात काय करायचंय, कोणासोबत, आत्ताच का, सगळं आलं, आणि कुठेही ‘समृद्ध वारसा’ म्हणावं लागलं नाही. अर्थात हे तुमच्या भागात खरं असेल तरच लिहा, बोलून खात्री करा.

आधी एका पानात लिहा. काय करणार, का, कोण करणार, कसं आणि कधी, शेवटी हातात काय उरणार, ते कोणाला मिळणार. ते पान तुमच्या ग्रुपबाहेरच्या, नाटकाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या, बँकेत किंवा शाळेत काम करणाऱ्या कुणालाही, आणि वाचून झाल्यावर त्याला त्याच्या शब्दांत सांगायला सांगा. तो जिथे अडखळतो तिथे तुमचा अर्ज कच्चा आहे. आणि नवा प्रयोग उभा करायचाय म्हणालात, माझा सल्ला की पहिल्या अर्जात तो घालू नका. वर्षभरात रेकॉर्डिंग, मुलाखती, ते सगळं उतरवून काढणं आणि वर नवीन नाटक म्हटलं की चारपैकी दोन गोष्टी घाईत होणार. नाटकाचा अर्ज पुढच्या वर्षी करा, तेव्हा हातात सामग्री असेल आणि पहिलं काम वेळेत पूर्ण केल्याचा पुरावाही.

इंग्रजीची काळजी करू नका, मराठीत विचार करून मराठीतच लिहा. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, म्हणजे आयएफए, ही १९९३ साली सुरू झालेली संस्था १९९५ पासून ग्रँट देतेय, तिथे भारतीय भाषांतले प्रस्तावही घेतात आणि व्यक्तींनाही अर्ज करता येतो, संस्था असायलाच हवी असं नाही. त्यांच्या कला-संशोधनाच्या कार्यक्रमात तुमचं काम बसण्यासारखं आहे. साइटवर आधी ग्रँट मिळालेल्या कामांची वर्णनं आहेत, ती वीसेक वाचून काढा, कुठल्याही कोर्सइतकं शिकाल. दुसरं दार म्हणजे संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप, ज्युनियर २५ ते ४० वयासाठी महिना १०,००० रुपये आणि सीनियर चाळिशीच्या पुढे महिना २०,०००, दोन वर्षं, लोककलाही त्यात येतात. ती एका व्यक्तीला मिळते, ग्रुपला नाही, म्हणून चौघांत कोणाच्या नावावर अर्ज जाणार आणि काम कसं वाटणार हे आधी लिहून ठेवा, मैत्री असली तरी. जाहिरातीसाठी सीसीआरटीची (ही फेलोशिप हाताळणारी केंद्राची संस्था) साइट बघत राहा. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाचं भांडवली आणि प्रयोगात्मक अनुदान मुख्यतः लोककलेच्या पथकांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, पण ज्या कंपनीसोबत काम करताय त्यांना त्याचा अर्ज भरायला मदत करा, फार उपयोगी पडाल.

संस्था रजिस्टर करायची घाई नको. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदणीला किमान सात माणसं लागतात, सोबत सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते, मग दरवर्षी ऑडिट, कार्यकारिणी बदलली की फेरफार अर्ज, आयकर सवलतीच्या नोंदण्या (ज्यांना १२ए आणि ८०जी म्हणतात), केंद्राच्या अनुदानासाठी एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा नंबर. हे सगळं सांभाळणारा एक माणूस तुमच्यात आहे का? असेल तर करा, कारण पुढे लागेलच, आणि बऱ्याच ठिकाणी तीन वर्षं जुनी संस्था मागतात. उद्योगांच्या सीएसआरमध्येही (सामाजिक कामासाठी कंपन्यांनी द्यायचा निधी) तसंच. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला, वारसा, पारंपरिक कला येतात, पण संस्थेकडे सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी आणि तीन वर्षांचं काम लागतं. आत्ता पहिल्या वर्षी व्यक्ती म्हणून अर्ज करा किंवा एखाद्या जुन्या विश्वासू संस्थेच्या छत्राखाली करा, हिशोब सांभाळण्याबद्दल त्यांचा वाटा किती ते लेखी ठरवून.

परदेशातल्या पैशाबद्दल एक सावधगिरी, कारण कोकणातल्या प्रत्येक ग्रुपचा कोणीतरी अमेरिकेत किंवा दुबईत असतोच. भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा दुबईतला चुलतभाऊ स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देतो ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तिकडचं नागरिकत्व घेतलेला मामा किंवा तिकडचं मराठी मंडळ हे कायद्याने परदेशी स्रोत आहेत, आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेने ते पैसे घेणं गुन्हा आहे. कितीही प्रेमाने दिले तरी. पावती फाडायच्या आधी सीएला विचारा.

सीएवरून, कला क्षेत्रातल्या संस्थांचे हिशोब बघणारा सीए शोधून त्याचे दोन तास पैसे देऊन घ्या. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कोणाचा कापायचा, कधी भरायचा, व्हाउचर कसं करायचं, हे त्याच्याकडूनच शिका. जत्रेत चहावाला, जीपवाला, मांडववाला कोणी बिल देत नाही, म्हणून छापील व्हाउचर बुक सोबतच ठेवा, तारीख, नाव, मोबाइल, कशाबद्दल, सही, त्याच रात्री. पाच हजारांच्या वरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प. मोठी रक्कम रोख देऊ नका, यूपीआय किंवा बँक. या कामाचं वेगळं खातं उघडा, घरखर्चाच्या खात्यात ग्रँट अजिबात नको. केंद्राचं अनुदान असेल तर शेवटी विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) लागतं, जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात, ते शेवटच्या आठवड्यात बनत नाही, पहिल्या दिवसापासूनच्या व्हाउचरमधून बनतं. आणि हिशोब ठेवणारा माणूस दिग्दर्शकच असू नये. ज्याच्या डोक्यात प्रयोग चाललाय त्याच्या हातात पैसे आणि वही दोन्ही दिली की दोन्हीकडे ओढाताण होते. चौघांतल्या एकाला हे काम द्या, त्याचं नाव अर्जात प्रकल्प समन्वयक म्हणून घाला आणि त्याला त्याचं मानधन धरा.

कोर्सचं. नाटकाच्या ग्रुपसाठी नियोजन शिकवणारा ‘स्मार्ट’ हा उपक्रम इंडिया थिएटर फोरम, आयएफए आणि जुनून या संस्थांनी मिळून काढला होता, नाटकवाल्यांनी नाटकवाल्यांसाठी केलेला, आणि कला-व्यवस्थापनासाठी ‘आर्ट-थिंक साउथ एशिया’ने (ARThinkSouthAsia) फेलोशिप दिलेल्या आहेत. यांची किंवा अशा कशाची नवीन बॅच निघाली तर जरूर जा, विशेषतः दुसऱ्या राज्यातले ग्रुप भेटतात ते फार मोलाचं असतं. एमबीएसारखं महागडं काही या कामासाठी करू नका. त्यापेक्षा पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात एखाद्या नाट्यमहोत्सवाला निर्मिती व्यवस्थापकाच्या हाताखाली काम करून या, पणजीला डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल होतो तो तुमच्यापासून काही तासांवर आहे. तिथे जाऊन फक्त बघा की एका प्रयोगामागे किती याद्या असतात, कोण कोणाला कधी फोन करतो, सामान कोण मोजून घेतो.

नकार येतील. चांगल्या कामांनाही येतात, कारण पैसे थोडे आणि अर्ज ढीगभर. नकार आला की नम्रपणे एक मेल करून कारण विचारा, काही जण दोन ओळीत सांगतात, काही नाही सांगत. सांगितलं तर ते बजेट आणि वेळापत्रकाशी ताडून बघा, आणि तोच अर्ज नाव बदलून दुसरीकडे पाठवू नका, प्रत्येक ठिकाणी काय हवंय ते वेगळं असतं, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

तर या महिन्यात तीनच कामं करा : दीर्घांकाचा खरा हिशोब, एका कंपनीच्या मालकाशी बोलणं, आणि एक पान. ते पान आणि महिन्यावार तक्ता तयार झाला की इथेच टाका, नावं आणि फोन नंबर काढून, मी बजेट ओळीओळीने बघून देईन.